खाडीच्या मुखाशी दोघे

शंकेखोर : पुण्याजवळच्या माणमध्ये राहणाऱ्या दोन मित्रांनी शनिवारी पहाटे पौड, मुळशी, ताम्हिणी करत घाट उतरावा, कोलाड-रोह्यावरून रेवदंडा गाठावं आणि कयाक घेऊन समुद्रात शिरावं, हा बेत मला पटत नाही. हौसेला माझा विरोध नाही. आठवडाभर संगणकापुढे बसणाऱ्याच्या खांद्यांना आणि पाठीला काम हवं असतं, डोळ्यांना लांबचं काही बघायला हवं असतं, हे मान्य. माझा आक्षेप आहे तो ‘आम्ही दोघं आहोत ना’ या वाक्याला. एकटा माणूस समुद्राला भितो, म्हणून काठ सोडत नाही. दुसरा बरोबर आला की भीती वाटून घेतली जाते, धोका मात्र तेवढाच राहतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्या सहलीत शंभराहून अधिक जण होते. म्हणजे सोबतीची कमतरता नव्हती. बुडणाऱ्याच्या आसपास माणसं असणं वेगळं आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी त्याला बाहेर काढता येणं वेगळं. हा फरक कळायला तुमच्या त्या दोन मित्रांनाही वेळ लागेल, आणि समुद्र तेवढा वेळ देईलच असं नाही.

हौशी : मुरूडची घटना आठवली की कोणालाही थांबून विचार करावासाच वाटेल. पण तिथे मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. त्यांच्याजवळ तरंगणारं काही नव्हतं आणि ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेत होतं. कयाकवरच्या माणसाच्या अंगात लाइफ जॅकेट असतं, हातात वल्हं असतं, आणि तो पडला तरी त्याची होडी बुडत नाही. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या बहुतेक कयाक प्लास्टिकच्या, वर बसून चालवायच्या असतात. त्या उलटल्या तर सरळ करून पुन्हा वर चढता येतं आणि आत आलेलं पाणी भोकांवाटे निघून जातं. खऱ्या समुद्री कयाकचं मात्र तसं नाही. ती पाचेक मीटर लांब आणि अरुंद असते, माणूस तिच्या पोटात बसतो. ती उलटली की पोटात पाणी भरतं, आणि नेमकं तिथेच सोबत्याचं काम सुरू होतं. तो आपली कयाक आडवी लावतो, उलटलेल्या कयाकचं नाक आपल्या होडीवर ओढून घेतो, पाणी ओतून देतो, ती सरळ करून दोन्ही हातांनी घट्ट धरतो, आणि पाण्यातला माणूस मागून सरपटत वर चढतो. सराव असलेल्या दोघांना याला दोन-तीन मिनिटं लागतात. एकट्याने हेच करायचं म्हटलं तर अनुभवी माणसाचीही दमछाक होते. मी सोबत म्हणतो ती या अर्थाने. गप्पांसाठी मित्र न्यावा असं माझं म्हणणं नाही. उलटलेली होडी सरळ करायला दुसरे दोन हात लागतात म्हणून मित्र न्यावा.

आणखी एक सांगतो. लहान होडीतून समुद्रात जाणं ही गेल्या दहा-वीस वर्षांत शहरातून आलेली चैन आहे असं समजू नका. कयाक ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. सीलच्या कातड्याची, माणसाच्या मापाने बेतलेली. आपल्या कोकणातही बाजूला उलांडी बांधलेल्या चिंचोळ्या होड्या एक-दोन माणसं पिढ्यानपिढ्या वल्हवत आली आहेत. होडी कलंडू नये म्हणून उलांडी लावणारा माणूस समुद्राला पुरता ओळखून होता, आणि तरीही जात होता.

शंकेखोर : तो जात होता कारण त्याला मासळी आणायची होती, आणि कोणत्या दिवशी जायचं नाही हे त्याला बापाने शिकवलं होतं. तुमच्या मित्रांना ते कोणी शिकवलं? तुम्ही सांगितलेली सुटकेची रीत मी नाकारत नाही. पण ती शिकवतात कुठे? तरणतलावात, नाहीतर धरणाच्या निवांत पाण्यात. आणि होडी उलटते कुठे? जिथे पाणी खवळलेलं असतं तिथे. ज्या लाटेने पहिल्याला पाडलं, तीच लाट दुसऱ्याच्याही खाली असते. पहिल्याची होडी ओढून घेताना दुसराही तोल सांभाळत असतो, आणि तोवर दोघंही वाहत असतात.

रेवदंड्याचंच बघू. कुंडलिका तिथे समुद्राला मिळते, एका अंगाला रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या मुखातून बाहेर धावतं. दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुटतात, म्हणजे पाणी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला. वारा प्रवाहाच्या तोंडावर आला की लाटा उभ्या आणि तोकड्या होतात. त्या लहान दिसतात, पण कयाकला सर्वांत वाईट. साधा माणूस तासाला पाच-सहा किलोमीटर वल्हवतो, तेही दमेपर्यंत. उधाणाच्या ओहोटीचा ओढ याच्या जवळपास गेला की वल्हं चालू राहतं आणि माणूस जागच्या जागी राहतो. शिवाय रायगडच्या खाड्यांच्या तोंडाशी डोल जाळी असतात. ती प्रवाहाच्या ओढावरच काम करतात, तोंड प्रवाहाकडे करून उभी असतात. ज्या ओढाने मासा जाळ्यात जातो, तोच ओढ वल्हं थांबवलेल्या माणसालाही तिकडेच नेतो. जाळ्याच्या दोरात अडकलेल्या माणसाला वाचवायला दुसरा कयाकवाला कितीसा जवळ जाऊ शकणार?

आणि सोबतीचं म्हणाल तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बेचं उदाहरण घ्या. 22 मार्च 1993 रोजी आठ शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक अशी अकरा माणसं कयाकवर निघाली. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. एकामागून एक होड्या उलटत गेल्या, सगळे बाहेर ओढले गेले, आणि चार मुलं दगावली. अकरा जण होते, त्यांत शिकवणारे होते. दोन मित्रांची काय कथा?

हौशी : लाइम बेची पुढची हकीकतही सांगायला हवी, कारण तीच माझ्या बाजूची आहे. तिथे माणसं कमी पडली नव्हती. मुलं नवखी होती, हवामानाचा अंदाज नीट घेतलेला नव्हता, मदत मागायला जवळ साधन नव्हतं, आणि ठरल्या वेळी ती परतली नाहीत तरी काठावरून तटरक्षकांना वेळेवर कळवलं गेलं नाही. मुलं तासन्‌तास थंड पाण्यात होती. त्या प्रकरणात ही सफर काढणारं साहसकेंद्र चालवणारी कंपनी मनुष्यवधासाठी दोषी ठरली आणि 1995 मध्ये ब्रिटनने मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे सोबत निरुपयोगी असं तिथे सिद्ध झालं नाही. सोबतीला माहितीचा आणि काठाचा आधार नसेल तर ती पोकळ ठरते, एवढंच सिद्ध झालं.

ती माहिती मिळवता येते. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता; तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. पहाटे जमिनीवरून मतलई वारे, दुपारी समुद्रावरून खारे. मुंबईजवळच्या समुद्रात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि दक्षिणेला हा चढउतार कमी होत जातो. शाळेच्या भूगोलात यातलं निम्मं शिकवलेलं असतं आणि परीक्षेनंतर कोणीही त्याकडे वळून बघत नाही. कयाकवाल्याला बघावंच लागतं. कॅलेंडरवरची तिथी हातातल्या कामासाठी वाचणारा शहरी माणूस आज दुसरा कोणता आहे? या छंदाचं मला सर्वांत मोल वाटतं ते इथे. ज्या समुद्राकडे आपण फक्त मागे उभं राहून फोटो काढायची जागा म्हणून बघतो, त्याचं वेळापत्रक हा छंद शिकायला लावतो.

शंकेखोर : मग तुमचंच वेळापत्रक तुमच्या शनिवारला लावून बघा. शनिवार अष्टमीला आला असं धरा. सकाळी सहाला भरती पूर्ण, म्हणजे सकाळभर ओहोटी. भांग असल्याने ओढ सौम्य, पण तो बाहेरच्या दिशेला आणि पाठीशी मतलई वाराही बाहेरच्याच दिशेला. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, जाताना वल्हं हलकं लागतं, आणि दोघांनाही वाटतं की आज हात चांगला चाललाय. परतायला वळल्यावर कळतं की तो हात आपला नव्हता. आता शनिवार पौर्णिमेला आला असं धरा. तिथीच्या पाऊणपटीने सव्वाअकराच्या सुमाराला भरती. सकाळभर पाणी खाडीत येतंय, म्हणजे सोयीचं, पण उधाणाचं, जोरकस. थोडा उशीर झाला की ओहोटी लागते आणि नेमके तेव्हाच खारे वारे चढतात, म्हणजे मघाशी सांगितलेल्या त्या उभ्या लाटा. कोणताही दिवस घ्या, त्याची किंमत आहेच. मच्छीमार तिथी बघून दिवस निवडतो. नोकरदाराला दिवस आधीच ठरवून मिळालेला असतो आणि मग तो तिथीची समजूत घालत बसतो. तुमची माहिती खरी, पण ती पाळायची मुभा त्याच्या हातात नाही.

आणि माणच्या माणसाबाबत माझी आणखी एक धास्ती आहे. तो बहुधा कोलाडला राफ्टिंग करून आलेला असतो. कुंडलिकेचं ते पाणी कुठून येतं? मुळशी धरणातून. 1927 पासून टाटांच्या भिरा वीजगृहासाठी मुळा खोऱ्यातलं हे पाणी सह्याद्रीतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडलं जातं, आणि वीज करून झालं की ते कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सोडतात, त्या वेळेला राफ्ट निघतात. म्हणजे ती नदी वेळापत्रकाने वाहते. किती पाणी, किती वाजता, कुठल्या वळणावर कोणता दगड, सगळं वाटाड्याला पाठ असतं. तिथे फेसाळत्या पाण्यातून सुखरूप निघालेला माणूस समजतो की आपल्याला पाणी कळलं. त्याला कळलेली असते ती माणसाने सोडलेली नदी. तीच कुंडलिका रेवदंड्याला पोचते तेव्हा तिच्यावर भिऱ्याची सत्ता उरलेली नसते.

हौशी : हा मुद्दा मी आजवर नीट लक्षात घेतला नव्हता, आणि तो बरोबर आहे. कोलाडच्या आत्मविश्वासावर रेवदंड्याला जाऊ नये. पण मुळशीच्या पाण्याचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर त्यातलं एक माणच्या माणसाने विसरू नये. या धरणाखाली गावं गेली आणि त्या शेतकऱ्यांनी 1921 च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. लढा 1924 पर्यंत चालला आणि हरला. आज त्याच मुळशी तालुक्यात, माणच्या शेतजमिनींवर, आयटी पार्कचा टप्पा उभा आहे. इथल्या कुठल्याही पाण्याला किंवा जमिनीला मोकळी जागा समजून तिथे खेळायला जाणं चुकीचं आहे. रेवदंड्याच्या खाडीलाही हेच लागू पडतं. तिथे जाळी लावणाऱ्याची ती रोजची वाट आहे. त्याला विचारल्याशिवाय होडी लोटणं हा आधी असभ्यपणा आहे आणि मग धोका. विचारलं तर मात्र तोच माणूस सांगेल की डोल कुठे आहे, आज मुखाबाहेर जावं की आतच राहावं. म्हणजे तुम्ही ज्याला अडथळा म्हणता, तो विचारायची लाज नसलेल्याला मदत आहे.

दिवस निवडायची मुभा नाही, हेही अर्धंच खरं. दिवस ठरलेला असला तरी जागा बदलता येते. मुखाशी जाण्यासारखा शनिवार नसेल तर खाडीच्या आत, तिवरांच्या कडेने वर जावं, आणि तेही नको असेल तर उतरूच नये. माझ्या दृष्टीने सोबतीचा खरा उपयोग इथे आहे, उलटलेली होडी सरळ करण्याहूनही आधी. दोन माणसं म्हणजे दोन अंदाज. एकाला लाट बरी वाटते, दुसऱ्याला नाही. त्या दोघांनी घरून निघण्यापूर्वीच ठरवावं की ज्याला भीती वाटेल त्याचा शब्द शेवटचा. ‘परत फिरू’ असं एकाने म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. वाद घालायचा तो काठावर येऊन. एकट्या माणसाला स्वतःच्या उत्साहावर असा पहारा ठेवता येत नाही.

शंकेखोर : हे ऐकायला फार चांगलं आहे, आणि मैत्रीत हेच सर्वांत अवघड आहे. बेत चार आठवडे ठरत असतो. एकाने घरच्यांची समजूत घातलेली असते, दुसऱ्याने सुट्टी मागून घेतलेली असते. घाट उतरून, होड्या भाड्याने घेऊन, अंगात जॅकेट चढवून झाल्यावर ‘मला आज नको वाटतंय’ असं म्हणायला जे धैर्य लागतं ते लाटेत शिरायला लागणाऱ्या धैर्याहून मोठं असतं. अनोळखी माणसापुढे आपण सहज नाही म्हणतो, मित्रापुढे म्हणत नाही; त्याचा दिवस मोडायचा नसतो. शिवाय दोघं सहसा सारख्या तयारीचे नसतात. एक जण दोन वर्षं वल्हवतोय, त्यानेच दुसऱ्याला ओढून आणलंय. नवख्याला आपली भीती हा आपल्या अज्ञानाचा भाग वाटतो, म्हणून तो गप्प बसतो. जाणता समजतो की गप्प आहे म्हणजे ठीक आहे. तुमचे दोन अंदाज तिथे एकच होऊन जातात, आणि तोही जास्त धीट माणसाचा. दोघांनी एकाच दोनआसनी कयाकमध्ये बसायचं ठरवलं तर आणखीच कठीण. ती उलटली की दोघंही एकाच वेळी पाण्यात. वाचवणारा म्हणून जो बरोबर घेतला होता, तोच वाचवायचा दुसरा माणूस होतो.

हौशी : दोनआसनी कयाक दोघांचीच असेल तर ती मुखाबाहेर नेऊ नये, यावर आपलं एकमत आहे. पण गप्प बसण्याचा जो दोष तुम्ही सांगता, तो मैत्रीतून येतो की सरावाच्या अभावातून? ज्या दोघांनी एकमेकांना मुद्दाम पाडून, पुन्हा पुन्हा वर काढून बघितलेलं असतं, त्यांच्यात लाज फार शिल्लक राहत नाही. आपला मित्र किती वेळात दमतो, घाबरला की त्याचा आवाज कसा होतो, हे त्यांना कळलेलं असतं. म्हणून मी म्हणेन, नवख्याने नवख्याला किंवा नवख्याने जाणत्याला सोबत म्हणून मोजू नये. ज्याने आपल्याला एकदा तरी पाण्यातून वर घेतलंय आणि ज्याला आपणही घेतलंय, तेवढाच मोजावा. आणि ज्याच्या गप्प बसण्याची तुम्हाला भीती आहे, त्याच्यासाठी तिसरा माणूस ठेवावा, पाण्याबाहेर. कयाकपटू कौस्तुभ खाडे यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 3000 किलोमीटर किनारा कयाकने पार केला, तेव्हा त्यांच्या साथीदार शांजली शाही सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जात होत्या. पाण्यावर माणूस एकटा, पण तो कुठे असायला हवा आणि किती वाजता, हे जमिनीवर कोणाला तरी माहीत होतं. लाइम बेच्या मुलांना नेमका हाच आधार मिळाला नव्हता. काठावरच्या माणसाला दिवस मोडण्याची भीड नसते. तो घड्याळाकडे बघतो.

शंकेखोर : मग बघा, आपण कुठून कुठे आलो. ‘दोघं आहोत’ एवढ्यावर सुरुवात झाली होती. आता दोघांनी आधी एकमेकांना पाडून सराव करायचा, तिथी बघायची, गावातल्या मच्छीमाराला विचारायचं, भित्र्याचा शब्द शेवटचा मानायचा, आणि काठावर तिसरा ठेवायचा. एवढं सगळं केलं तर माझा आक्षेप बराचसा गळून पडतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एक उरतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. शेवटचा निर्णय खाडीच्या मुखाशी, दोघांनीच, काही क्षणांत घ्यायचा असतो. तिथे भिणाऱ्याने खरंच तोंड उघडलं का, आणि धीटाने खरंच होडी वळवली का, हे कुठल्याही परवान्यात किंवा नियमात लिहिता येत नाही. मी त्या एका क्षणावर विश्वास ठेवायला तयार नाही, म्हणून म्हणतो की हौशी माणसाने मुखाच्या आत राहावं.

हौशी : मी त्या क्षणावर विश्वास ठेवतो, कारण तो विश्वास कमावता येतो असं मला वाटतं. पण तो रेवदंड्याला कमावता येणार नाही, अलीकडच्या निवांत पाण्यात, पुरेशा उन्हाळ्या-हिवाळ्यांत कमवावा लागेल, हे तुमच्यामुळे मला अधिक स्पष्ट झालं. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंदच असतात, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. ज्या महिन्यांत मच्छीमार जात नाही त्या महिन्यांत आपणही जायचं नाही, एवढं तरी वाद न घालता पाळावं. बाकीच्या महिन्यांत ज्यांना जायचंच आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे: कुठून निघणार, कुठवर जाणार आणि किती वाजता परतणार हे कागदावर लिहून काठावरच्या माणसाकडे द्या, आणि त्याच कागदावर तटरक्षक दलाचा क्रमांक लिहा : 1554.